नरक्या : मुळशीच्या रानातलं कॅन्सरच्या औषधाचं झाड, ओळख, उपयोग आणि धोका

उरवडे (ता. मुळशी) : पावसाळा सरत आला की ताम्हिणीकडच्या दाट रानात चालताना मध्येच कुजका वास येतो आणि माणूस नाक दाबतो. जवळपास कुठं जनावर मेलंय का म्हणून इकडंतिकडं बघतो, तर तसं काही नसतं. वास असतो एका साध्याशा झाडाच्या पिवळट पांढऱ्या फुलांचा. या झाडाला आपल्याकडं नरक्या म्हणतात. नाव वाईट, वास वाईट. पण मोठ्या आतड्याच्या, अंडाशयाच्या आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरवर आज जगभर दिली जाणारी काही औषधं ज्या द्रव्यापासून बनतात, ते द्रव्य या झाडात आहे. म्हणूनच सह्याद्रीच्या रानात या झाडावर कुऱ्हाड चालते, आणि म्हणूनच कुणी त्याची पूड विकायलाही बसतं. आपल्या तालुक्यातल्या माणसाला या दोन्ही गोष्टींची माहिती असायला हवी.

थोडक्यात माहिती

- मराठी नावं : नरक्या, घाणेरा, काही भागांत अमृता
- शास्त्रीय नाव : नोथापोडायटिस निम्मोनियाना (जुन्या पुस्तकांत मॅपिया फीटिडा)
- कुळ : इकॅसिनेसी
- प्रकार : मोठं झुडूप किंवा लहान झाड
- फुलं : पावसाळ्यात, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास
- फळं : दिवाळीच्या पुढं, हिवाळ्यात पिकतात
- मुख्य औषधी द्रव्य : कॅम्प्टोथेसिन
- सावधान : झाड विषारी आहे. घरगुती औषध म्हणून वापरू नये

नावाची गोष्ट

नरक्या आणि घाणेरा ही दोन्ही नावं वासावरूनच पडली. कानडीत याला दुर्वासने मर म्हणतात, म्हणजे घाण वासाचं झाड. जुन्या शास्त्रीय नावातल्या 'फीटिडा' या लॅटिन शब्दाचा अर्थही तोच. म्हणजे गावचा गुराखी असो की गोरा वनस्पतीशास्त्रज्ञ, पहिल्यांदा नाकालाच समजलं.

आताच्या शास्त्रीय नावात मुंबईचा धागा आहे. जॉन ग्रॅहॅम हा इंग्रज मुंबईत टपाल खात्यात अधिकारी होता. त्यानं मुंबई आणि आजूबाजूच्या वनस्पतींची यादी तयार केली. १८३९ साली पुस्तक छापून पूर्ण व्हायच्या आत तो वारला आणि उरलेलं काम त्याचा मित्र जोसेफ निम्मो यानं तडीस नेलं. 'निम्मोनियाना' हे नाव या निम्मोवरून आलं.

नावाबाबत दोन घोटाळे टाळायला हवेत. पहिला, घाणेरा आणि घाणेरी ही वेगळी झाडं आहेत. बांधाबांधावर माजलेली, रंगीत फुलांच्या गुच्छांची काटेरी घाणेरी म्हणजे परदेशातून आलेलं तण. तिचा नरक्याशी काही संबंध नाही. दुसरा घोटाळा जास्त धोक्याचा आहे. आयुर्वेदात 'अमृता' म्हणजे गुळवेल, आणि काही भागांत नरक्यालाही अमृता म्हणतात. 'अमृताची पूड' म्हणून कुणी पुडी हातात ठेवली तर ती कोणत्या अमृताची, हे नुसत्या पुडीवरून कळत नाही.

ओळखायचं कसं?

नरक्या उंच वाढत नाही. बहुतेक झाडं पुरुष-दीड पुरुषापासून २०-२५ फुटांपर्यंत असतात. मोठ्या झाडांच्या सावलीत, मधल्या थरात तो उभा असतो, त्यामुळे चटकन नजरेत भरत नाही. पुढच्या खुणा एकत्र बघायच्या, एकाच खुणेवर विसंबायचं नाही.

- साल : करडी, जुन्या झाडाची बुचासारखी थोडी मऊ आणि सुरकुतलेली. अंगावर बारीक पुळ्यांसारखे ठिपके.
- फांद्या : कोवळ्या फांद्या काहीशा कोनदार. पान गळाल्यावर देठाचा वण ठळक दिसतो.
- पानं : एकाआड एक, पण फांदीच्या टोकाला गर्दी केलेली. लांबी वीतभर, रुंदी त्याच्या निम्मी. देठ लांब. पानाच्या बुडाशी नीट पाहिलं तर दोन्ही बाजू बऱ्याचदा सारख्या नसतात, एक बाजू जराशी खाली उतरलेली असते.
- फुलं : फांदीच्या शेंड्याला झुपक्यानं येतात. लहान, पाच पाकळ्यांची, पिवळट पांढरी. पाकळ्यांना आतून लव असते. वास दुरूनच येतो.
- फळं : लांबट, बोराच्या बीपासून लहान जांभळाएवढी. आधी हिरवी, मग गुलाबीसर, पिकली की जांभळट काळी. आत एकच बी.

काही झाडांना फुलं भरपूर येतात पण फळ धरत नाही. ते रोगट नसतं. नरक्यात काही झाडांना नुसती नरफुलं येतात, त्यामुळे फळ कुठून धरणार? बी गोळा करायचं असेल तर फळ धरणारं झाड आधीच हेरून ठेवावं लागतं.

पोरांना एक गोष्ट मात्र बजावून सांगा. पिकलेलं फळ दिसायला जांभळासारखं असतं. पण जांभूळ पिकतं पावसाच्या तोंडाला, आणि हे पिकतं थंडीत. थंडीत रानात 'जांभूळ' दिसलं तर ते तोंडात घालायचं नाही. औषधी द्रव्य फळात आणि बीतही असतं.

कुठं आढळतो?

हे झाड भारतात मुख्यतः सह्याद्रीचं. महाराष्ट्रापासून गोवा, कर्नाटक, केरळ, तमिळनाडूपर्यंत घाटमाथ्याच्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलात ते मिळतं. श्रीलंकेतही आहे. आपल्या राज्यात महाबळेश्वर, कोयना, आंबोली ही त्याची ओळखीची ठिकाणं.

मुळशीचा विचार केला तर तालुक्यात पूर्वेकडून पश्चिमेकडं जाताना पाऊस आणि रान दोन्ही बदलत जातं. पिरंगुट-उरवडे पट्टा त्यामानानं कोरडा. इथल्या डोंगरावर पानगळीची झाडं आणि करवंदीच्या जाळ्या. धरणाच्या पलीकडं ताम्हिणीच्या बाजूला पाऊस वाढतो, रान दाट होतं, आणि नरक्याची जागा तिथं सुरू होते. ओढ्याकाठची दाट झाडी आणि देवराया इथं तो तग धरून आहे. ताम्हिणीच्या विंझाई देवीसारख्या देवस्थानांभोवती राखलेल्या रानांचं महत्त्व इथं लक्षात येतं. देवाच्या धाकानं जिथं कुऱ्हाड गेली नाही, तिथं सावलीत वाढणारी अशी झाडं वाचली. ताम्हिणीचा काही भाग २०१३ मध्ये वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे.

औषध सापडलं कसं?

या गोष्टीत एक खानदेशी माणूस आहे. डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालचा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि १९६२ पासून तिथल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत डॉ. मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. तेव्हा अमेरिकेत हजारो वनस्पतींचे अर्क काढून ते कॅन्सरवर चालतात का हे तपासण्याचं मोठं काम सुरू होतं. चीनमधल्या 'कॅम्प्टोथेका' नावाच्या झाडाचा अर्क त्यात चांगला उतरला. वॉल आणि वाणी यांनी त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं केलं, त्याची रचना शोधली आणि १९६६ मध्ये जाहीर केली. झाडाच्या नावावरून त्याला कॅम्प्टोथेसिन म्हणू लागले. याच जोडीनं पुढं १९७१ मध्ये टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं दुसरं मोठं औषधी द्रव्यही जगापुढं आणलं.

पण चिनी झाडात हे द्रव्य फार थोडं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यातही आहे आणि चांगल्या प्रमाणात आहे. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्राचे प्रमुख होते. दोन झाडं वेगळ्या देशातली, वेगळ्या कुळातली, पण आतला ऐवज एकच. सह्याद्रीतल्या या दुर्लक्षित झाडाकडं औषध कंपन्यांची नजर वळली ती इथून.

पहिला अनुभव मात्र वाईट होता. १९७० च्या सुमारास कॅम्प्टोथेसिनचा विरघळणारा क्षार रुग्णांना देऊन बघितला, तेव्हा त्रासच जास्त झाला. मूत्राशयातून रक्त जाणं, जुलाब, रक्तातल्या पेशी घटणं असे परिणाम दिसले आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. ते द्रव्य जवळजवळ अडगळीत पडलं होतं. १९८५ मध्ये ते शरीरात नेमकं कुठं काम करतं हे समजलं आणि शास्त्रज्ञ पुन्हा मागं लागले. मूळ द्रव्यात रासायनिक बदल करून दोन औषधं तयार झाली, इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन. इरिनोटेकॅनला जपानमध्ये १९९४ मध्ये परवानगी मिळाली, आणि १९९६ मध्ये अमेरिकेत दोन्ही औषधं मान्य झाली. इरिनोटेकॅन मुख्यतः मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरवर देतात. टोपोटेकॅन अंडाशयाच्या, गर्भाशयमुखाच्या आणि फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरवर चालतं. डॉ. वाणी २०२० मध्ये वारले.

औषध काम कसं करतं?

प्रत्येक पेशीत आनुवंशिक माहितीचा एक पिळलेला धागा असतो, त्याला डीएनए म्हणतात. सुंभाच्या दोराला पीळ असतो तसा. पेशीची दुसरी पेशी होताना हा पीळ उलगडावा लागतो. दोर एका टोकाकडून उलगडत गेलं तर पुढचा पीळ घट्ट होत जातो, हे दोर वळणाऱ्याला सांगायला नको. हा ताण काढायला पेशीत एक कारागीर असतो, टोपोआयसोमरेझ-१ नावाचा. तो दोराचा एक पदर कापतो, पीळ सैल होऊ देतो आणि पदर पुन्हा जोडतो.

कॅम्प्टोथेसिन या कारागिराला नेमकं कापण्या-जोडण्याच्या मध्ये अडकवून ठेवतं. पदर कापलेलाच राहतो, पेशी वाढायला जाते आणि तुटक्या दोरावर आपटून मरते. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात म्हणून त्या जास्त सापडतात. पण अंगातल्या चांगल्या पेशींतही भराभर वाढणाऱ्या आहेत : अस्थिमज्जेतल्या, आतड्याच्या अस्तरातल्या, केसांच्या मुळाशी असलेल्या. त्यांनाही फटका बसतो. म्हणून हे औषध रुग्णाची उंची-वजन पाहून, रक्त तपासून, मोजून शिरेतून दिलं जातं आणि लागेल तिथं डोस कमी केला जातो. जुलाब आणि पांढऱ्या पेशी घटणं हे इरिनोटेकॅनचे नेहमीचे त्रास आहेत. दवाखान्यात त्यावर उपाय असतो, घरी नसतो.

काढा, पूड घेऊ नका

घरात कॅन्सरचा पेशंट असला की माणूस कशालाही हात घालतो. केमोचा खर्च, पुण्या-मुंबईच्या खेपा, त्यात कुणीतरी सांगतं, 'औषध याच झाडापासून बनतं, मग सालीचा काढाच प्या की.' ऐकायला बरोबर वाटतं, पण ते खरं नाही.

एक तर झाडातलं द्रव्य आणि दवाखान्यातलं औषध एक नव्हे. मूळ द्रव्य पाण्यात नीट विरघळत नाही, आणि त्याच्या क्षारानंच पहिल्या चाचण्यांत रुग्णांना त्रास झाला होता. त्यात बदल केल्यावर औषध तयार झालं. दुसरं, एका झाडात किती द्रव्य आणि दुसऱ्यात किती, यात मोठा फरक असतो. चमचाभर पुडीत किती गेलं हे कुणीच सांगू शकत नाही. तिसरं, केमो चालू असताना वरून असं काही घेतलं तर पेशी आणखी घटतात, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि डॉक्टरला कारण कळत नाही. हिरडा-बेहड्यासारखं हे घरगुती औषधातलं झाड नाही. कुणी घेतलंच असेल तर लपवू नका, डॉक्टरला सांगा. खर्चाची अडचण असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, त्याची चौकशी योजनेतल्या रुग्णालयात करा.

झाडं का कमी होताहेत?

हिशेब बघा. नरक्याच्या वाळलेल्या मालात कॅम्प्टोथेसिन साधारण ०.१ ते ०.३ टक्के निघतं. म्हणजे १०० किलो वाळक्या लाकडा-मुळीतून १०० ते ३०० ग्रॅम. एक किलो शुद्ध द्रव्य काढायचं तर नुसत्या कागदावर साडेतीनशे किलो ते एक टन वाळका माल लागतो. ओला माल त्याहून जास्त. झाड लहान चणीचं, त्यामुळे एका किलोसाठी किती झाडं पडत असतील याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

मुळातही द्रव्य चांगलं असतं, म्हणून झाड नुसतं तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. वरून छाटलेल्या बुंध्याला फुटवे येऊ शकतात, उपटलेल्या खड्ड्याला काय येणार? सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सातारा भागांत नरक्याची चोरटी तोड आणि पकडलेल्या मालाच्या बातम्या अनेक वर्षांपासून येत आहेत. पद्धत एकच. व्यापाऱ्याचा माणूस येतो, 'जळणाचंच लाकूड आहे' म्हणतो आणि किलोच्या भावानं तोडून घेतो. तोडणाऱ्याच्या हातात मजुरीएवढे पैसे पडतात. माल पकडला तर पहिला सापडतो तोही तोच, कारण रानात कोयत्यासकट तो असतो. औषध कंपनीच्या दारात पोचेपर्यंत मालाला कोण जाणे किती हात लागलेले असतात.

झाड पुन्हा वाढायलाही वेळ घेतं. बी लवकर रुजत नाही, कित्येकदा काही महिने जातात, आणि वाळत पडलं तर रुजायची ताकद हरवतं. फळधारी झाडंच तोडली गेली तर खाली रोपं येणार कुठून?

यावर शास्त्रज्ञ दुसऱ्या वाटाही शोधत आहेत. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीही कॅम्प्टोथेसिन तयार करते, असं २००५ मध्ये भारतीय संशोधकांनी जाहीर केलं. प्रयोगशाळेत ऊतींची वाढ करून द्रव्य मिळवायचेही प्रयत्न आहेत. पण तोवर भार रानावरच आहे.

कायदा काय सांगतो?

- राखीव जंगलातून परवानगीशिवाय झाड तोडणं किंवा वनोपज नेणं हा भारतीय वन कायदा, १९२७ नुसार गुन्हा आहे.
- अभयारण्यात नियम आणखी कडक. तिथं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो.
- मालकीच्या रानातलं झाड असलं तरी तोडण्याआधी आणि गाडीत भरण्याआधी वनपालाकडं विचारा. वाहतुकीचा परवाना नसेल तर माल तुमचा आहे हे सांगून भागत नाही.
- जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावच्या हद्दीतून व्यापारासाठी वनस्पती गोळा करणाऱ्याकडून शुल्क घ्यायचा अधिकार तिला आहे.
- तोड दिसली तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

या समित्या बऱ्याच ठिकाणी कागदावर असतात. लोक जैवविविधता नोंदवही एकदा भरून कपाटात जाते. ग्रामसभेत विचारा, आपल्या नोंदवहीत नरक्या आहे का? कोणत्या भागात आहे? देवराईतली झाडं मोजली का? नोंद असेल तर उद्या झाड गेल्यावर निदान काय गेलं हे सांगता येईल. मात्र नेमकी जागा मोबाईलवर फोटोसकट जगभर टाकू नका. चोराला पत्ता सांगितल्यासारखं होतं.

लावायचं असेल तर

रानातून रोप उपटून आणू नका, ते बहुधा जगत नाही आणि तो गुन्हाही ठरतो. वन विभागाच्या किंवा औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेत चौकशी करा. मालकीच्या रानात फळधारी झाड असेल तर पुढची पद्धत.

१. फळ पूर्ण जांभळट काळं झाल्यावरच घ्या, आणि सगळी फळं उतरवू नका.
२. गर चोळून काढा, बी धुवा आणि उन्हात न वाळवता ताजंच पेरा.
३. पिशवीत माती, वाळू आणि पालापाचोळ्याचं खत मिसळा. ओल टिकवा, पण पाणी साचू देऊ नका.
४. महिनाभरात उगवलं नाही म्हणून पिशवी ओतून देऊ नका. काही महिने धीर धरा.
५. रोपं सावलीतच वाढवा आणि लागवडही मोठ्या झाडांच्या सावलीत, ओढ्याकाठी करा. उरवड्यासारख्या कोरड्या पट्ट्यातल्या उघड्या मुरमाड माळावर ती उन्हाळा काढणार नाहीत.
६. हाताळून झाल्यावर हात धुवा.

पैशाचं पीक म्हणून कुणी एकरभर नरक्या लावायला सांगत असेल, हमीभावानं विकत घेण्याचं बोलत असेल, तर आधी लेखी करार मागा आणि कृषी कार्यालयात दाखवा. हे काही दोन वर्षांत पैसे देणारं पीक नाही. बांधाला, ओहोळाला, देवराईच्या कडेला दहा-वीस झाडं जगवली तरी पुष्कळ झालं. त्यांच्या बियांतून रान पुन्हा भरतं, आणि फुलं आली की वासावरून ती आहेत हे गावाला कळतंच.